एका पासवर्डचे पाच तोतये

‘घरातल्या घरात कसला आलाय पासवर्ड!’ असं एक बाजू म्हणते. ‘पासवर्ड कुणालाही देऊ नका, अगदी सख्ख्या भावालाही नाही,’ असं दुसरी बजावते. स्मार्ट कुलूप, कॅमेरा, दिवे, स्पीकर अशी इंटरनेटला जोडलेली उपकरणं घरात सगळ्यांनी मिळून सुरक्षितपणे कशी वापरायची, हा विषय निघाला की चर्चा या दोन वाक्यांवर येऊन अडते. पहिल्या बाजूला भाबडी म्हणायचं आणि दुसरीला जाणकार, अशी रीत आहे. मला मात्र दोघी एकाच खड्ड्यात उभ्या दिसतात. किल्ली एकच असते आणि ती कुणाकुणाला द्यायची एवढंच ठरवायचं असतं, हे दोघींनीही न तपासता मान्य करून टाकलेलं आहे. घर चार-पाच जणांचं आणि खातं एकाचं, या मांडणीतच खोट आहे. ती तशीच ठेवली तर पासवर्ड वाटूनही घोळ होतो आणि न वाटूनही.

पासवर्ड वाटणं म्हणजे नेमकं काय करणं, ते आधी पाहू. आपण म्हणतो, ‘आईला कॅमेऱ्याचा ॲक्सेस दिला.’ आईला तसं काहीच दिलेलं नसतं. तिच्या फोनवर आपण आपल्याच नावाने लॉगिन करून ठेवलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हरच्या लेखी आई नावाचं कुणी नाहीच. एकच गृहस्थ आहे, तो पाच फोनवरून, कधी एकाच मिनिटात दोन गावांतून, दार उघडतो आणि दिवे मालवतो. ज्याला आपण वाटून घेणं म्हणतो ती तोतयेगिरी आहे. घरगुती, प्रेमळ, सगळ्यांच्या संमतीची, पण तोतयेगिरीच. आणि तोतयाच्या हाती मूळ माणसाचे सगळेच अधिकार येतात. दाराशी कोण आलंय एवढंच आईला पाहायचं होतं. आता तिचं बोट चुकून भलतीकडे लागलं तर अख्खा कॅमेरा खात्यातून निघू शकतो, जुनं चित्रण पुसलं जाऊ शकतं. यातलं काहीही तिने मागितलं नव्हतं.

हे मी घरातल्या ‘त्या’ माणसाच्या जागेवरून लिहितोय. जवळपास प्रत्येक स्मार्ट घरात असा एक जण असतो. त्यानेच डबे उघडले, त्याच्याच ईमेलवर खाती काढली, त्याच्याच फोनवर ओटीपी येतात. आमच्या घरात तो मी. रात्री दहा वाजता सगळे दिवे आपोआप मंद होतील असा एक नियम मी मोठ्या हौसेने बसवला होता. डोळ्यांना बरं, झोपेला बरं, असं मीच ठरवलं. बायको एकदा मित्रमंडळींसमोर हसत हसत म्हणाली, ‘आमच्याकडे दिवा लावायला अर्ज करावा लागतो.’ मी पण हसलो. मग घरी येताना लक्षात आलं की ती थट्टा करत नव्हती. ॲप तिच्या फोनवर होतं, पण ते पाहुण्याच्या अधिकाराने. नियम बदलायचं बटण तिला दिसतच नव्हतं. मी ते मुद्दाम केलेलं नव्हतं. डबा उघडणाऱ्याला कंपनी घराचा मालक मानते आणि बाकीच्यांना त्याचे आश्रित, एवढंच काय ते झालं होतं.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा. घर म्हणजे कचेरी नव्हे. कचेरीत पदं असतात, पायऱ्या असतात, कोण कुठपर्यंत जाऊ शकतो याचे तक्ते असतात. तसे तक्ते घरात आणले की नात्यांत बाहेरची हवा शिरते. भिंतीवरचं बटण कधी कुणाला ‘तू कोण?’ म्हणून विचारत नव्हतं. जो हात लावेल त्याचा दिवा. ही समता मोलाची होती आणि ती हरवायला नको, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्या बटणाला ही समता परवडत होती ती दोन कारणांनी. एक, त्याला स्मरणशक्ती नव्हती. दिवा कुणी, किती वाजता लावला, हे ते दुसऱ्या क्षणी विसरून जात असे. दोन, ते हाताच्या टप्प्यापुरतंच होतं. दिवा लावायचा तर त्या खोलीत उभं असावं लागे, म्हणजे बाकीच्यांना दिसावं लागे. स्मार्ट बटणाने या दोन्ही गोष्टी बदलल्या. ते सगळं लक्षात ठेवतं, आणि शेकडो मैलांवरून कुणाच्याही नजरेस न पडता दाबता येतं. विस्मृती आणि जवळीक हे जुन्या बटणाचे दोन अदृश्य पहारेकरी होते. ते गेले, तरी आपण जुन्याच भरवशावर चाललो आहोत.

दूरच्या बटणाची जात काय असते, ते मला एका रात्री कळलं. पूर्वी मी दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहत असे. तिथले स्मार्ट दिवे आणि हालचाल टिपणारा सेन्सर आम्ही तिघांनी मिळून घेतले होते, पासवर्ड तिघांना पाठ. मी घर सोडलं, सामान हलवलं, किल्ली परत दिली. साताठ महिन्यांनी रात्री सव्वादोनला फोन थरथरला: ‘दिवाणखान्यात हालचाल.’ अर्धवट झोपेत मी उठून आमच्या बाहेरच्या खोलीत आलो. तिथं चिटपाखरूही नव्हतं. मग उलगडलं. जुनं ॲप फोन बदलताना आपसूक नव्या फोनवर आलं होतं, आणि मधल्या काळात बंद असलेली त्याची नोटिफिकेशनं पुन्हा चालू झाली होती. तो दिवाणखाना आता माझा नव्हता. तिथं आता कोण राहत होतं तेही मला माहीत नव्हतं, पण रात्री सव्वादोनला ते जागं होतं, हे मला माहीत झालं होतं. अंगठ्याच्या एका स्पर्शाने मी त्यांचा दिवा मालवू शकलो असतो. धातूची किल्ली मी परत दिली, हातात पडल्याचं समोरच्याने पाहिलं. दुसरी किल्ली माझ्याकडे राहिली, हे मला कळलं नाही आणि त्यांनाही नाही. आमच्या तिघांत विश्वासाला कुठे तडा गेला होता? कुठेच नाही. विश्वास शाबूत होता, हिशेब चुकला होता.

म्हणून ‘आमच्या घरात विश्वास आहे’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. टेलिफोनच्या सुरुवातीच्या दशकांत कित्येक ठिकाणी ‘पार्टी लाइन’ असे. एकाच तारेवर अनेक घरं, प्रत्येक घराची घंटा वेगळ्या तालात वाजायची, आणि कुणीही रिसीव्हर उचलला की दुसऱ्यांचं बोलणं ऐकू यायचं. ती घरं एकमेकांना परकी नव्हती, शेजारीपाजारीच होते. पुढे स्वतंत्र लाइन परवडू लागली तेव्हा लोकांनी ती घेतली. याचा अर्थ त्यांनी शेजाऱ्यांना चोर ठरवलं असा कुणी काढला का? मग आई, मुलगी, भाऊ यांना वेगवेगळं लॉगिन दिलं की त्यात अविश्वास का दिसावा?

खरी गंमत अशी की संगणकाचा पासवर्ड ही वस्तू मुळात घरातल्यांसाठीच जन्माला आली. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ नावाची प्रणाली चालवून दाखवली. एकच अवाढव्य संगणक, आणि त्यावर एकाच वेळी अनेकांनी काम करायचं, अशी ती सोय. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथं पासवर्ड आला. बाहेरून जाळ्यातून येणारा हॅकर तेव्हा नव्हताच, जाळंच नव्हतं. पासवर्ड होता तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यासाठी, ज्याच्याबरोबर रोज चहा व्हायचा त्याच्यासाठी. आणि गोंधळही आतच झाला. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याला त्याच्या वाट्याचा संगणकाचा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम उरकलं. दरोडा वगैरे काही नाही. एका खात्याचा दुसरा तोतया, इतकंच.

त्याच प्रणालीतला दुसरा किस्सा तर आजच्या स्मार्ट घराला जसाच्या तसा लागू पडतो. एका दुपारी सीटीएसएसवर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या स्वागत-सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून मिळू लागली. झालं होतं असं की फायली लिहिण्याचा जो एडिटर व्यवस्थापक वापरत, तो एका वेळी एकच माणूस वापरणार असं धरून बनवलेला होता. पुढे सोयीसाठी ती अट सैल झाली. त्या दिवशी दोन व्यवस्थापक एकाच वेळी कामाला बसले. एक सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची फाइल सुधारत होता. दोघांच्या तात्पुरत्या फायलींना एडिटरने एकच नाव दिलं आणि त्यांची अदलाबदल झाली. ना कुणी घुसला, ना कुणी फितूर झाला. एकट्यासाठी बांधलेली वस्तू दोघांनी वापरली, यातच सगळं आलं. कॉर्बातोंनी हा प्रसंग पुढे संगणकशास्त्रातल्या मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात स्वतःच सांगितला. हा धडा इतका जुना असताना ‘होम’ असं नाव मिरवणारा गूगलचा स्पीकर नोव्हेंबर २०१६ मध्ये बाजारात आला तो घरात एकच माणूस राहतो असं मानून. एकाहून अधिक आवाज ओळखायची सोय त्यात एप्रिल २०१७ मध्ये आली. त्याच महिन्यात बर्गर किंगने टीव्हीवर पंधरा सेकंदांची एक जाहिरात सोडली. तिच्यातला माणूस स्पीकरला हाक मारून प्रश्न विचारायचा आणि लोकांच्या घरातले स्पीकर इमानेइतबारे उत्तर द्यायला लागायचे. टीव्हीलाही घरचा माणूस समजणाऱ्या या यंत्राला आपण दाराचं कुलूप सोपवायला निघालो होतो!

आता दुसरा आक्षेप, जो सहसा जाणकारांकडून येतो. खाती वाढली की दारं वाढतात. एकाने एक भक्कम पासवर्ड नीट जपला तर तो सहा जणांच्या सहा ढिसाळ पासवर्डांपेक्षा बरा. आजोबांना कशाला त्या भानगडीत पाडता? या म्हणण्यात तथ्य आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक संगणकप्रणालीने हाहाकार माजवला तो काही अफाट बुद्धी लढवून नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या तिने कॅमेऱ्यांवर आणि राउटरवर एकेक करून लावून पाहिल्या. जिथं जोडी लागू पडली त्या उपकरणांची फौज उभी राहिली आणि त्या ऑक्टोबरात संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला होऊन मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. ढिसाळ दार एक असलं तरी पुरतं, हे खरंच.

पण वाटलेला पासवर्ड भक्कम राहतो कुठे? तो फोनवरून सांगायचा असतो, म्हणून सोपा ठेवला जातो. तो चिठ्ठीवर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवलेला असतो. दुहेरी पडताळणी लावली तर ओटीपी एकाच फोनवर येतो, आणि मग ‘आला का? किती? अगं, संपला तो, परत पाठव,’ असा तमाशा दोनदा झाला की तिसऱ्यांदा कुणीतरी वैतागून ती पडताळणीच बंद करून टाकतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो पासवर्ड कधी बदलता येत नाही, कारण बदलला की पाचही जण एकदम बाहेर. एक माणूस वगळायचा तर सगळ्यांचं कुलूप फोडायचं, अशी ही किल्ली. वेगळी खाती असली की ज्याचं काम संपलं त्याच्यापुरता हात काढून घेता येतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. आणि आजोबांचं म्हणाल तर त्यांना खातं नसलं तरी चालेल. भिंतीवरचं बटण मात्र चालू राहिलं पाहिजे. ते काढून जे घर फक्त ॲपवर चालतं, ते आजोबांसाठी असुरक्षितच आहे, मग एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणं, कितीही उत्तम असो. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांच्या १९७५ मधल्या संगणक-संरक्षणावरच्या निबंधातलं ‘कामापुरताच अधिकार’ हे तत्त्व सगळे सांगतात. त्याच यादीत माणसाला सहज पेलेल अशी रचना हवी, हेही तत्त्व आहे. ते सांगायचं मात्र राहून जातं.

जाणकारांच्या बाजूची मोठी चूक आणखी वेगळी आहे. त्यांचं तोंड कायम फाटकाकडे असतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांसाठी कायदा लागू झाला. सरसकट एकच पासवर्ड नको, त्रुटी कळवायला पत्ता हवा, सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार ते जाहीर हवं, अशा त्याच्या मुख्य तीन अटी. तिन्ही चांगल्याच आहेत, पण तिन्ही बाहेरच्या शत्रूसाठी. आतल्याचं काय? न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये कौटुंबिक छळाला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांच्या हकिगती छापल्या होत्या. एकीचा एसी हात न लावता बंद व्हायचा. एकीच्या दाराचा कोड रोज बदललेला असायचा. एकीला बेल ऐकू यायची आणि दाराशी कुणी नसायचं. यातलं एकही कुलूप कुणी तोडलं नव्हतं. ज्याच्या नावावर खातं, तो ते रीतसर वापरत होता. त्याच वर्षी एका नावाजलेल्या व्हिडिओ डोअरबेलबद्दल उघड झालं की पासवर्ड बदलल्यावरही आधीपासून लॉगिन असलेले फोन बाहेर पडत नव्हते. नातं संपलेला जोडीदार चित्रण पाहतच राहिला. ‘पासवर्ड भक्कम ठेवा’ हा सल्ला या बायकांच्या काय कामाचा? भक्कम पासवर्ड तर छळणाऱ्याच्याच हातात होता.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त सतावतो. प्रत्येकाची ओळख वेगळी केली की प्रत्येकाची नोंदही वेगळी होते. पाच तोतये होते तेव्हा ‘दार ११:४० ला उघडलं’ एवढंच कळत होतं. आता ‘दार ११:४० ला मुलीने उघडलं’ हे कळतं. सामायिक खात्याच्या गर्दीत एक आडोसा होता, तो मीच काढून घ्या म्हणतोय. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. नोंद ठेवायची तर ती ज्याची आहे त्यालाही दिसली पाहिजे, आणि ती आपोआप पुसली गेली पाहिजे. महिनोन्महिने साठवून एखाद्या भांडणात पुरावा म्हणून काढता येता कामा नये. ॲडमिनला सगळ्यांचं दिसतं आणि ॲडमिनचं कुणालाच दिसत नाही, ही आजची सर्रास पद्धत मला पार उलटी वाटते. शिवाय आडोसा होता म्हणून नजर नव्हती असं थोडंच आहे? घरात चौघं असतील आणि तिघं झोपले असतील, तर ११:४० ला दार कुणी उघडलं हे शोधायला नाव लागत नाही. फक्त तेव्हा ‘मी नव्हते’ म्हणायला जागा होती. ती जागा लहान होती, पण होती, हे कबूल केलंच पाहिजे.

मुलांचा प्रश्न मी यात मिसळणार नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती कुलपाचे सगळे अधिकार असू नयेत, यावर वाद नाही. वाद आहे तो सतरा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांचीच समजणाऱ्या सेटिंगवर. ते एकदा केलं जातं आणि मग कुणी तिकडे फिरकत नाही.

तर मग वाटायचं कसं? आपल्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात दोन वस्तू आहेत. शिक्का म्हणजे मुद्रा, अधिकार कुणाचा ते सांगणारी. मोर्तब पत्राच्या अखेरीस उमटायचं, मजकूर इथं संपला हे दाखवायला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरच्या मोर्तबात शब्दच आहेत, ‘मर्यादेयं विराजते’. त्या खुणेखाली मागाहून कुणी काही घुसडलं तर ते ग्राह्य नाही. नुसता शिक्का देऊन तो अधिकार झाला नाही. तो कुठे थांबतो हेही त्याच कागदावर लागायचं. आपल्या स्मार्ट उपकरणांत शिक्के भरपूर आहेत, मोर्तब क्वचितच. घरी मदतीला येणाऱ्या बाईंना दाराचा कोड द्यायचा तर तो कामाच्या वारांना, कामाच्या तासांपुरता हवा, आणि काम सुटलं की आपोआप मरायला हवा. पाहुण्याला दिवे हवेत, कॅमेरा कशाला? २०१८ च्या युझनिक्स सुरक्षा परिषदेत मांडलेल्या एका संशोधनाचा रोख हाच होता. लोक ‘हे उपकरण तुझं, ते माझं’ असा विचार करत नाहीत. एकाच कॅमेऱ्यातलं पाहणं, पुसणं आणि बंद करणं या त्यांच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि कुणाला काय द्यायचं ते नात्यावर ठरतं. बहुतेक ॲपं मात्र उपकरणामागे एकच होकार-नकार विचारतात.

हे तंत्राला जमत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकात पाहणं, चालवणं, सांभाळणं आणि कारभार करणं असे अधिकाराचे वेगवेगळे थर उपकरणातच बसवलेले आहेत. एकच दिवा दोन-तीन कंपन्यांच्या यंत्रणांना एकाच वेळी जोडता येतो, त्यामुळे नवऱ्याचा फोन एका गोटातला आणि बायकोचा दुसऱ्या, तरी अडत नाही. पण मेख अशी की हे थर माणसांना लागू नाहीत, दिव्याला हुकूम देणाऱ्या यंत्रणांना लागू आहेत. दिव्याला ॲप ओळखू येतं. ॲपमागे आई आहे की तोतया, ते त्याला कळत नाही. ते ओळखायचं काम पुन्हा कंपनीवर. ॲपलने पाहुण्यांना ठरावीक वेळांपुरता प्रवेश द्यायची सोय आयफोनच्या २०२४ मधल्या आयओएस १८ या प्रणालीत आणली. बरं झालं, पण स्मार्ट कुलपं त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून विकली जात होती. एवढा उशीर का? कारण विकत घेणारा एक असतो. बाकीचे चौघे गिऱ्हाईक नसतात, नुसते राहणारे असतात.

आणि एकटा मालक कधीतरी नसतोही. ओळखीतल्या एका घरी कर्ते गृहस्थ अचानक गेले. दाराचं कुलूप, कॅमेरे, वायफाय, सगळं त्यांच्या खात्यावर. घरच्यांकडे चालू असलेला कोड होता, त्यामुळे दार उघडत होतं, पण नवा कोड घालता येईना, जुना काढता येईना. त्यांच्या फोनचं कार्ड दरम्यान बंद झालेलं, म्हणून ओटीपी जायचे ते हवेत. शेवटी मुलाने एकेक उपकरण भिंतीवरून उतरवलं, मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून कोरं केलं आणि पुन्हा बसवलं. एक कॅमेरा तेवढ्यानेही बधला नाही, तो जुन्या मालकाच्या परवानगीची वाट पाहत राहिला. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात आणि खात्याला नॉमिनी नेमता येतो, हे ज्यांनी आयुष्यभर काटेकोर पाळलं, त्यांना आपल्याच दाराचा दुसरा कारभारी नेमायचं सुचलं नव्हतं. कोणत्याही ॲपने त्यांना विचारलंही नव्हतं.

त्या रात्रीच्या सव्वादोनच्या सूचनेनंतर मी दोन कामं केली. जुन्या घरातून स्वतःला काढून टाकलं. ‘खात्री आहे का?’ असं ॲपने दोनदा विचारलं, जसं काही घर माझंच होतं. आणि आमच्या घरात बायकोला दुसरी ॲडमिन केलं, माझ्याइतकेच अधिकार, मला काढून टाकण्याच्या अधिकारासकट. मुलीला तिचं स्वतःचं लॉगिन दिलं, सासूबाईंच्या खोलीत जुनं बटण परत बसवलं. सगळं मिळून एक दुपार गेली, त्यातला बराच वेळ सेटिंग कुठे दडलंय ते हुडकण्यात. बायकोने तिचे नवे अधिकार कशासाठी वापरले ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिसऱ्या रात्री पुस्तक वाचता वाचता घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेदहा वाजून गेले होते आणि खोलीतला दिवा अजून लख्ख होता.